आईच्या नावावरचा चरखा

आमच्या लालबागच्या खोलीत विजेवर चालणाऱ्या वस्तू मोजून चार होत्या. एक ट्यूबलाइट, एक पंखा, एक रेडिओ आणि एक चरखा. पहिल्या तिन्ही बाबांनी गिरणीत असताना घेतलेल्या. चौथी आईच्या नावावर होती आणि आईला ती चालवता येत नव्हती. चरख्याच्या लाकडी पेटीवर पांढऱ्या रंगात 'सौ. सुलोचना परब' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्या नावासमोर मांडी घालून दुपारभर माझे बाबा सूत कातत बसायचे. चरखा म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं मोठं चाक डोळ्यांसमोर येतं, पण आमचा तसा नव्हता. शिवणयंत्राच्या पेटीएवढी पेटी, आत एक मोटार, वर एकच चाती, म्हणजे सूत गुंडाळणारा तो फिरता दांडा, आणि पुढे वेग कमीजास्त करायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं बटण. मोटार आणि बटण यांच्या मधे तळहाताएवढा एक बोर्ड होता. हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण तो बोर्ड आहे. आता मी सुनेच्या, श्वेताच्या, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते आणि चरखा माझ्यासोबत तिथे कपाटावर आलेला आहे. गेल्या आठवड्यात साफसफाईत तो खाली निघाला. श्वेताने प्लग लावून पाहिला, त्याची घरघर ऐकली आणि म्हणाली, "आई, याचा बोर्ड अपग्रेड करून टाकू ना. ऑनलाइन मिळतात." मी नको म्हटलं. तिला वाटलं मी पैशांचा विचार करतेय.

बाबा रिंग खात्यात होते. कापसाच्या जाड वातीतून सूत निघतं ते हे खातं. चारशे चात्या एका माणसाने सांभाळायच्या, फेऱ्या मारायच्या, जिथे तार तुटेल तिथे ती अंगठ्याच्या एका चुटकीत सांधायची आणि पुढे जायचं. खात्यात आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी लागायची. म्हणून तिथे सगळं बोलणं हातांनी व्हायचं. चहा आला, साहेब आला, किती वाजले, घरून निरोप आहे, या सगळ्याला खुणा होत्या. बाबा त्या आम्हाला जेवताना करून दाखवायचे. त्यांतली एक खूण मात्र ते करून दाखवायचे आणि लगेच म्हणायचे, ही घरात वापरायची नाही. उजवा तळवा छातीवर टेकवायचा आणि मग दाराकडे झटकायचा. तू जा, तुझी बाजू मी बघतो. ही खूण शेजारच्या साच्यावरच्या, म्हणजे यंत्रावरच्या, आपल्या जोडीदारालाच करायची असते, असं त्यांचं म्हणणं. बदली कामगाराला नाही, जॉबरला, म्हणजे मुकादमाला नाही, साहेबाला तर नाहीच. कारण एकदा ती केली की त्याच्या चारशे चात्या तुमच्या.

गिरणीचे दरवाजे बंद झाले तेव्हा बाबांचे कान निम्मे गेलेले होते आणि उरलेल्या निम्म्यांना काही ऐकायची इच्छा नव्हती. मधे त्यांना परळला एका इमारतीत वॉचमन म्हणून लावलं, पण शेठच्या गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू येईना. शेठ फाटकाबाहेर हॉर्न वाजवतोय आणि बाबा आत शांतपणे मागच्या भिंतीवर लक्ष ठेवून आहेत, असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी शेठने स्वतः उतरून फाटक उघडलं आणि बाबांना घरी पाठवलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं ते गॅलरीतल्या बाकावर बसून होते. बसून होते एवढंच त्यांच्याबद्दल सांगता येईल. आई लालबागच्या मसाल्याच्या दुकानांसाठी मिरच्यांची देठं काढायचं काम घरी आणायची. खोलीत एका कोपऱ्यात बेडगीचं पोतं, दुसऱ्यात डोळ्यांना झोंबणाऱ्या संकेश्वरीचं, मधे आम्ही तिघं. सकाळी पेज, दुपारी भात आणि बाजारात जो मासा स्वस्त असेल त्याचं तिखलं. आमच्याकडे येणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग 'बरं आहे ना' विचारायचा.

अशात दादरच्या एका संस्थेने ठरवलं की गिरणी कामगारांच्या घरातल्या भगिनींना विजेवरचे चरखे द्यायचे. संस्थेचं नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं संस्था म्हणायचो. भगिनी हा शब्द मात्र त्यांच्या प्रत्येक कागदावर दोन-तीनदा यायचा. चरखा भगिनींनाच मिळेल, भगिनींनीच चालवावा, पुरुषांना देण्याचा प्रश्नच नाही, कारण पुरुष तो विकून टाकतील. हा अनुभवाचा बोल होता की नुसता अंदाज, कोण जाणे. हयातभर सूत कातलेला माणूस बाकावर रिकामा बसलेला असताना ज्या बाईने आयुष्यात कापसाच्या वातीपलीकडे काही वळलं नव्हतं तिला दादरच्या एका हॉलमध्ये आठ दिवस कातायला शिकवण्यात आलं. आई रोज संध्याकाळी बोटं चोळत घरी यायची. नवव्या दिवशी चरखा घरी आला. आईने तो लावला, तार तीन वेळा तोडली आणि मिरच्यांकडे वळली. थोड्या वेळाने बाबा बाकावरून उठून आत आले, चरख्यासमोर बसले, कापसाचा पेळू उचलला आणि आईकडे पाहून म्हणाले, "दार लोट."

चाळीत दुपारी दार लोटणं म्हणजे घरात कोणी वारलंय किंवा भांडण आहे, एवढाच अर्थ तोवर असायचा. पण त्या वर्षी आमच्या चाळीत आणि आजूबाजूच्याही दोन-चार चाळींत दुपारची दारं लोटायची नवीनच रीत पडली होती. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, माणसं आता फ्लॅटवाल्यांसारखी वागायला शिकली.

चरखा आला आणि बाबा बोलायला लागले. आधी जेवताना दोन वाक्यं, मग चार, मग गिरणीतल्या गजाली. कातताना ते डोळे अर्धे मिटून घ्यायचे. जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्म्याचं नाव काढलं की चिडायचे. दुसऱ्या मजल्यावरची आमची जमीन लाकडी फळ्यांची होती. चरखा थेट फळीवर आणि त्याच फळीवर बाबांचे उघडे तळपाय. जुना बोर्ड दिसायला भिकार होता. कुणीतरी घाईघाईत हाताने डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला, एका बाजूने करपलेला. तो चालू झाला की आधी घशात काही अडकल्यासारखा खाकरायचा, मग एकसारखी घरघर. पेळूतून कापूस जरा जाड सुटला की मोटारीवर ताण यायचा, वेग थोडा पडायचा, घरघर खालच्या पट्टीत जायची आणि बाबांचा हात आपोआप हलका व्हायचा. हे मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे नजरेसमोर होतं. मी तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या वयात मला फक्त एवढंच ऐकू यायचं की बोर्ड बिघडलेला आहे.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी आमच्या चाळीतली मी पहिली मुलगी. हे मला माहीत होतं आणि इतरांना विसरू देत नव्हते. कुणाचा रेडिओ खरखरला की मला बोलावणं यायचं. मी तो उघडायचे, तोंडाने दोन-चार इंग्रजी शब्द पुटपुटायचे, आतली धूळ फुंकायचे आणि तो बहुतेक वेळा चालू व्हायचा. या धुळीच्या बळावर माझा दबदबा तयार झाला होता.

आणि मग देवधरबाईंचं पत्र आलं. देवधरबाई म्हणजे संस्थेच्या मुख्य. दादरला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीची खादी, आवाज हळू पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दर महिन्याला त्यांच्याकडे सूत जमा व्हायचं आणि त्या प्रत्येक लड बोटांतून फिरवून बघायच्या. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की यंदा सगळ्यांत एकसारखं आणि बारीक सूत श्रीमती सुलोचना परब यांचं आहे, संस्थेला मदत करणारे एक पाहुणे ते पाहून फार प्रभावित झाले आहेत, आणि पुढल्या रविवारनंतरच्या रविवारी ते सपत्नीक आमच्या घरी येऊन भगिनींचं कातकाम प्रत्यक्ष पाहणार आहेत. खाली नियमांची आठवण होती. चरखा दुसऱ्या कुणी चालवत असल्याचं आढळलं, किंवा सलग दोन महिने सूत नापास झालं, तर तो यादीतल्या पुढच्या घराला देण्यात येईल.

आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "माका जमाचा नाय." बाबांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. त्यांना ते वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही, पण चष्मा नव्हता. त्यांनी चरख्यावर एकदा हात फिरवला आणि पुन्हा गॅलरीतल्या बाकाकडे बघितलं. चरखा गेला तर हा माणूस परत त्या बाकावर जाणार आणि या खेपेला तिथून उठणार नाही, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. बाकीचं काही कळलं नाही.

मी जाहीर केलं की घाबरायचं कारण नाही. दोष आईचा नाहीच, दोष बोर्डाचा आहे. मोटारीचा वेग सारखा वरखाली होतो म्हणून आईची तार तुटते. मी असा बोर्ड बनवीन की कितीही ताण आला तरी वेग केसभर हलणार नाही, मग आईच काय, शेंबडं पोरही सूत कातेल. लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारून सामान आणलं. कॉलेजातल्या सरांकडून वेग मोजून तो आपोआप सांभाळणारं सर्किट समजून घेतलं. नवीन भाग परवडत नव्हते तिथे जुन्या बोर्डाचे उपटले, म्हणजे जुन्याकडे परत जायचा रस्ता मी आधीच खणून ठेवला. घरघर बंद करायला मोठा कपॅसिटर घातला. फळ्या हादरू नयेत म्हणून चरख्याच्या चारही पायांखाली रबराच्या चकत्या चिकटवल्या. नवीन बोर्ड चालू केला तेव्हा खोलीत इतकी शांतता पसरली की मिरचीचं देठ तुटल्याचा आवाज आला. बाबांनी विचारलं, "चरखो चालू झालो?" मी म्हटलं, चालूच आहे. त्यांनी चातीला बोट लावून बघितलं आणि काही बोलले नाहीत. मला ते कौतुक वाटलं.

आईला जमलं. हे मला आजही सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात माझी ही एक जमेची बाजू विसरली जाते. बटण मंद ठेवायचं, पेळू हळू सोडायचा, आठवडाभरात आईचं सूत बऱ्यापैकी एकसारखं निघायला लागलं. जाड होतं, पण तुटत नव्हतं. त्या दिवसांत चरखा आईकडेच असायचा, कारण सराव तिला करायचा होता. बाबांनी एकदाही आपली पाळी मागितली नाही.

तो रविवार आला. आईने हिंदमाताहून घेतलेली तिची सगळ्यांत चांगली साडी नेसली. ती नायलॉनची होती. ज्या नायलॉन-पॉलिस्टरने सुती गिरण्यांच्या पोटावर पाय दिला असं बाबा शपथेवर सांगायचे, ते नेसून ती खादीच्या पाहुण्यांसमोर सूत कातायला बसली. बाबांना घरात ठेवायचं की बाहेर पाठवायचं यावर बराच खल झाला. शेवटी त्यांना गॅलरीत बाकावर बसवलं आणि हाताला काहीतरी असावं म्हणून आईचं मिरच्यांचं सूप समोर दिलं. पाहुणे जिना चढून आले, आधी शिंकले आणि मग नमस्कार केला. त्यांच्या पत्नीने बाबांकडे बघितलं आणि कौतुकाने म्हणाल्या की इथले पुरुष बायकांच्या कामाला हातभार लावतात हे पाहून फार बरं वाटलं. बाबांना ते ऐकू गेलं नाही, त्यामुळे त्यांनी मान डोलावली. आत आईने चरखा लावला, तार धरली, आणि वीस मिनिटांत एकदाही तुटू न देता चातीभर सूत काढलं. पाहुणे म्हणाले, यंत्राचा आवाजच येत नाही. देवधरबाई म्हणाल्या, मुलीने केलंय. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात तोवर माझ्याकडे इतक्या माणसांनी एकदम कधी बघितलं नव्हतं, आणि मी ते पुरवून पुरवून घेतलं.

पाहुणे चहा पिऊन खाली उतरले. देवधरबाई छत्री विसरल्याचं सांगून परत वर आल्या. छत्री त्यांच्या हातातच होती. त्यांनी आईने आत्ता काढलेलं सूत बोटांत धरलं, पिशवीतून आमच्याच मागच्या महिन्याची लड काढून तीही चाचपली आणि आईला म्हणाल्या, "परबबाई, आत्ताचं सूत ठीक आहे, त्यात काही वाईट नाही. पण या लडीतले सांधे बोटाला लागत नाहीत. आमच्या हॉलमध्ये शिकलेल्या बाईचा सांधा लागतोच. न लागणारा सांधा गिरणीत शिकायला मिळतो." आई खाली बघत राहिली. देवधरबाई गॅलरीतल्या बाबांच्या पाठीकडे बघत पुढे म्हणाल्या, "ही लड ज्या भगिनीने कातली तिला माझा नमस्कार सांगा. आणि मिरच्या जरा लांब ठेवत जा म्हणावं. तुमची लड झटकली की मला शिंका येतात." एवढं बोलून त्या गेल्या.

म्हणजे बाईंना सगळं कधीचंच ठाऊक होतं. माझा बोर्ड, आईचा आठवडाभराचा घाम, बाबांचं सूप, यातल्या कशाचीही गरज नव्हती. आम्ही तिघं रात्री जेवताना पोट धरून हसलो. बाबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. उद्यापासून परत आपण, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लोटलं गेलं, बाबा चरख्यासमोर बसले, आणि तार तुटली. त्यांनी सांधली. परत तुटली. मग एक गाठ आली, मग एक जाड वेटोळं, मग पुन्हा तुटली. चारशे चात्या सांभाळलेला माणूस एका चातीसमोर हरत होता. त्यांनी बटण मागेपुढे करून बघितलं, पेळू बदलला, बसायची जागा बदलली. पाच-सहा दिवस हे चाललं. मी समजावत होते की सवयीचा प्रश्न आहे, चांगल्या गोष्टीची सवय लागायला वेळ लागतो. मला वेळ कमी होता, कारण देवधरबाईंनी माझ्याकडून आणखी पाच चरख्यांसाठी असेच बोर्ड मागवले होते आणि मी कॉलेजातून आल्यावर डाग देत बसायचे. खोलीभर त्या धुराचा वास आणि मी खुशीत. सातव्या दिवशी बाबांनी चरख्याचा प्लग काढला, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि जाऊन बाकावर बसले. त्या महिन्याचं सूत आईने कसंबसं काढलं. बाबांच्या गाठी आणि आईची जाड तार मिळून ते नापास झालं. आता हातात एक महिना उरला होता.

मी बाकाशी जाऊन त्यांना विचारलं, अडचण काय आहे. त्यांनी दारातून आत चरख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो आता बोलणा नाय गो." हा आता बोलत नाही. मी वैतागलेली होते, पाचव्या बोर्डात कुठेतरी चूक सापडत नव्हती. मी म्हटलं, "बाबा, तो बोलला तरी तुम्हाला कुठे ऐकू येतं?"

हे वाक्य मी त्यांच्या कानाशी, मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं म्हटलं. माझ्या आयुष्यात मी बरीच वाक्यं बोलले आहे, त्यातलं हे एक परत घेता आलं असतं तर बाकीची राहू दिली असती. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. सूप पुढे ओढून ते मिरच्यांची देठं काढायला लागले. त्या दिवसापासून आईचं ते काम निम्म्याने हलकं झालं आणि घरात बोलणं बंद पडलं.

दहा दिवसांनी देवधरबाई आल्या. शिंकल्या, बसल्या, चहा घेतला. मी पाच बोर्डांच्या कौतुकाची वाट बघत होते. बाई म्हणाल्या की पाचही घरी बोर्ड बसले, उत्तम चालतात, आवाज नाही. आणि पाचही घरचं सूत तेव्हापासून खराब निघतंय. त्या एकेका घरी स्वतः जाऊन आल्या होत्या. काळाचौकीच्या भगिनीचं म्हणणं, यंत्र मुकं झालं. करी रोडच्या भगिनीचं म्हणणं, काही सांगतच नाही. "आणि तुमच्याच चाळीतल्या पहिल्या मजल्यावरच्या भगिनीने तर मला विचारलं, आमचा जुना बोलका होता तो परत मिळेल का." बाईंनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नंदा, आमच्या या पाचही भगिनी पूर्वी रिंग खात्यात होत्या असं दिसतं."

दुपारची सगळी लोटलेली दारं माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभी राहिली. प्रत्येक दारामागे एकेक भगिनी, मिशीवाली, फळीवर तळपाय टेकून बसलेली. मला हसू आलं आणि त्याच वेळी लाजेने मान वर होईना. मी गॅलरीत गेले आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसले. आवाज न करता विचारलं, खुणेनेच, त्यांच्याच खात्यातल्या खुणेने: काय झालं, सांगा. ती खूण माझ्या अजून लक्षात आहे हे पाहून ते जरा चकित झाले. मग उठले, मला आत घेऊन आले, चरख्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "खात्यात चारशे चात्यो. डोळ्यांनी किती बघशीत? पायांनी बघूचा लागता." त्यांनी पायाचा अंगठा फळीवर दोनदा आपटून दाखवला.

एवढं साधं होतं. कान गेले तरी खातं त्यांना तळपायांतून कळायचं. साचा थकला, कापूस जाड आला, तार तुटायच्या बेताला आली, हे सगळं जमीन सांगायची. जुना बोर्ड बिघडलेला होता म्हणूनच तो बोलायचा. मी त्याचं बोलणं दुरुस्त करून टाकलं होतं, आणि वर चार पायांना रबर लावून त्याचं तोंडही दाबलं होतं.

पुढचे आठ दिवस मी माझ्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग एक चांगला बोर्ड बिघडवण्यासाठी केला. हे वाटतं तितकं सोपं नसतं. चांगला बोर्ड करायला पुस्तकं आहेत, बिघडलेला कसा करायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. रबराच्या चकत्या खरवडून काढल्या. वेग सांभाळणारी तार कापली, तर मोटार ताणाखाली फारच दमायला लागली. तिथे एक अडथळा घालून ती थोडी दमेल पण बसणार नाही असं केलं. मोठा कपॅसिटर काढला, तशी घरघर आली, पण जरा चिरकी. बाबा तळपाय टेकून बसायचे आणि मान हलवायचे. अजून खाली. मी डाग काढायचे, दुसरा लावायचे. अजून खाली. आई मिरच्या सोडून बघत बसायची. याच बोर्डाचा पुढे मी परीक्षेला प्रकल्प मांडला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ताण आल्यावर वेग पडतो, घरघर येते, हे का? मी म्हटलं, सर, मागणीच तशी होती. त्यांनी मला काठावर पास केलं. नंतर तीस वर्षं मी यंत्रं बिनआवाजाची करायच्या नोकरीत काढली आणि त्यात दोन बढत्याही मिळाल्या, पण ते माझं सगळ्यांत चांगलं काम होतं असं मी म्हणणार नाही.

आठव्या दिवशी महिना संपायला बारा दिवस उरले होते. दुपारी दार लोटलं. मी बटण फिरवलं. बोर्ड आधी खाकरला, मग घरघर सुरू झाली, फळीतून माझ्याही तळव्यांना कळली. बाबांनी डोळे अर्धे मिटले, पेळू उचलला आणि तार काढली. घरघर एकदा खाली गेली, त्यांचा हात हलका झाला, घरघर वर आली. परत खाली, परत वर. तार तुटली नाही. माझ्याकडे अजून एक वायर लोंबत होती, दोन स्क्रू बसवायचे होते, बटण जरा सैल होतं. मी पुढे सरकून हात घालणार तोच बाबांनी डोळे न उघडता पेळूचा हात तसाच ठेवला, उजवा तळवा छातीवर टेकवला आणि दाराकडे झटकला.

मी उठले, गॅलरीत गेले आणि बाकावर बसून मिरच्यांची देठं काढायला लागले. थोड्या वेळाने आई बाहेर आली. माझे डोळे बघून तिने विचारलं, काय झालं. मी सुपाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, संकेश्वरी आहे.